तिसऱ्या आठवड्याची कार्डं

४ जानेवारी

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

तुझी जानेवारीची आवडत्या गाण्यांची यादी अजून आली नाही, म्हणजे एकतर तू आजारी आहेस किंवा माझ्यावर रुसली आहेस. रुसलीच असणार, कारण आजारी असलीस की तू दुप्पट लिहितेस. फोन करावा तर तुला फोनचं नाव नको. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जगाचे फोन जोडलेस आणि आता स्वतःच्या कानाला तो लावत नाहीस. तुझी वहिनी म्हणते, या वयात पत्रं लिहिणारे आपण दोघंच उरलो असू.

बातमी मोठी आहे. आमच्या रेडिओ केंद्राला साठ वर्षं पूर्ण होताहेत. नव्या केंद्रप्रमुख बाईंनी मला बोलावून घेतलं आणि प्रत्येक दशकातली सर्वांत उत्तम दहा गाणी निवडायला सांगितलं, क्रम लावून. सहा दशकं, साठ गाणी. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली तरी लोकांना आपली आठवण आहे म्हटल्यावर बरं वाटलं. समितीत आम्ही तिघं, पण बाकीच्या दोघांना पहिल्या तीन दशकांतलं ओ की ठो कळत नाही, तेव्हा भार माझ्यावरच आहे. मार्चअखेर जुनी इमारत रिकामी करायची आहे. निवडलेली साठ गाणी नव्या यंत्रावर उतरवणार आणि कपाटांतल्या बाकी रेकॉर्डी निकालात काढणार. वाईट वाटतं, पण जागा कुठून आणायची.

नियम मीच घालून दिला. ‘पसंतीची दहा’ या आमच्या साप्ताहिक कार्यक्रमात जे गाणं किमान तीन आठवडे टिकलं, तेच विचारात घ्यायचं. श्रोत्यांनी कार्डं पाठवायची, आम्ही मोजायची, आकडा रजिस्टरात. माझी आवड, तुझी आवड, तिथे कोणाचं काही चालत नाही. दुसऱ्या दशकाचा कच्चा क्रम सोबत पाठवतो, आपल्या टोपणनावांनीच. पहिलं ‘दम लागलेलं’, दुसरं ‘दोन खिडक्यांचं’, तिसरं ‘हमालाचं’. आता घाल वाद.

गुडघ्यांना जप. घरी सर्वांना आशीर्वाद, आणि तुझा जीव आहे तसाच आमच्यावर असू दे.

तुझा दादा

१५ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

रुसले नव्हते, नातीची परीक्षा होती. ती मोबाइल कानात घालून अभ्यास करते आणि मी शेजारी बसून तिच्या पायाचा ठेका बघत बसते. तिच्या पिढीची गाणीही वाईट नाहीत बरं का, तुझ्यासारखं नाक मुरडण्याइतकी तर नाहीतच.

तुझी यादी वाचली आणि हसावं की रडावं कळेना. ‘दम लागलेलं’ पहिलं? अरे, त्या बाईला वरच्या सुरावर जाताना इतका दम लागतो की ऐकणाऱ्याने पाणी घेऊन धावावं. तू म्हणणार एकशे त्रेसष्ट कार्डं आली. अठ्ठेचाळीस वर्षं हा आकडा मी ऐकते आहे. माझं माप वेगळं आहे, तुला ठाऊक आहे. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, माणूस कुणी ऐकत नाही असं समजून जे गुणगुणतो ते खरं गाणं. त्या मापाने ‘हमालाचं’ पहिलं आणि ‘दम लागलेलं’ आठवं, तेही माझ्या मनाचा मोठेपणा म्हणून.

आता खरं लिहायचं ते लिहिते. दहात मी गायलेलं ‘सायकलचं गाणं’ नाही. क्रमांकाचं मला काही नाही, दहावं ठेव. पण ते साठात असू दे. माझ्याकडची रेकॉर्ड घर बदलताना हमालांनी फोडली हे तुला माहीत आहे. कंपनी केव्हाच बंद पडली. आता एकच प्रत आहे, ती तुमच्या कपाटात. ती निकालात निघाली तर माझं गाणं या जगात कुठेही उरणार नाही. बावीस वर्षांची होते रे मी. आणि त्यातली सायकलची घंटी बाबांनी वाजवलेली आहे. रेकॉर्डिंगला ती वाजवणारा दर वेळी अर्धी मात्रा चुकत होता, तेव्हा काचेबाहेर बसलेले बाबा आत आले, घंटी हातात घेतली आणि एका दमात बरोबर वाजवली. रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, आयुष्यात एकदाच रेडिओच्या आत गेला. बाबांचा आवाज कुठेच नाही आपल्याकडे. तेवढी घंटी आहे. नातीला ती ऐकवायची आहे.

मी तुझ्याकडे आजवर काही मागितलेलं नाही, आठवून बघ.

वहिनींना नमस्कार. तुझी माया पूर्वीइतकीच राहो, एवढंच मागणं.

तुझी टिटवी

२७ जानेवारी

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. दोन दिवस उत्तर लिहायला बसलो आणि उठलो. तू समजूतदार आहेस म्हणून स्पष्ट लिहितो. ‘सायकलचं गाणं’ यादीत घालता येणार नाही. रजिस्टर पुन्हा काढून पाहिलं. पहिल्या आठवड्यात नववं, दुसऱ्या आठवड्यात चौथं, तिसऱ्या आठवड्यात नाही. दोनच आठवडे झाले, नियम तीनचा आहे. नियम मी घालायचा आणि बहिणीसाठी मीच मोडायचा, हे कोणत्या तोंडाने करू? समितीतला तो तरुण निवेदक आधीच माझ्याकडे जुनं लाकूड असल्यासारखा बघतो. त्याला आयतंच कोलीत मिळेल.

गाणं चांगलं होतं, मी कधी नाही म्हटलं नाही. पण चांगल्या गाण्यांनी कपाटं भरलेली आहेत. प्रत्येकाची बहीण मध्ये आणली तर साठाची सहाशे होतील.

आणि तिसऱ्या आठवड्याचं फार खोदू नकोस. तेव्हा काय झालं ते तुला माहीत नाही, तेच बरं आहे. बाबांचं नाव राहावं म्हणून मी इतकी वर्षं गप्प बसलो, पुढेही बसेन. तू आपली यादी पाठव, चौथ्या दशकात मला तुझी मदत हवी आहे.

थंडी फार आहे, कानाला रुमाल बांधत जा. राग धरू नकोस आणि लोभ कमी करू नकोस.

दादा

६ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बाबांचं नाव राहावं म्हणून? दादा, हे वाक्य लिहून तू खुशाल कानाला रुमाल बांधायला सांगतोस. बाबांनी काय केलं होतं? मला सगळं हवं आहे, एक अक्षर न गाळता. चौथं दशक गेलं उडत.

तू त्या सुमाराला घरी येणं बंद केलंस. आधी दर रविवारी यायचास, बाबांबरोबर दुकानात बसून गाण्यांचे क्रम लावायचास, दोघंही हमरीतुमरीवर यायचात. मग महिन्याने, मग वर्षातून एकदा, तेही घड्याळ बघत. अकरा वर्षं. बाबा शेवटचे अंथरुणावर होते तेव्हा तू दोन तास आलास आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसून गेलास. तू गेल्यावर बाबांनी मला विचारलं, “दादाला माझ्या दुकानाची लाज वाटते का गं?” मी म्हटलं, तसं काही नाही, त्याला काम फार असतं. मी तुझ्यासाठी मरणाऱ्या माणसाशी खोटं बोलले, आणि मला वाटत होतं की तेच खरं असावं.

माझंही ऐक. तीन आठवडे टिकलेल्यांना कंपनी दुसरी रेकॉर्ड द्यायची. माझे दोनच झाले. मग एक्स्चेंजची नोकरी धरली. तीस वर्षं हा गळा वापरला तो लोकांना ‘थांबा, लाइन लागत नाही’ सांगायला. मी कधी रडगाणं गायले नाही, कारण मला वाटायचं, लोकांना नाही आवडलं तर नाही आवडलं. आता मला शंका येते आहे. ती फेड.

उलट टपाली लिही. बाकी सगळं मागाहून.

टिटवी

१४ फेब्रुवारी

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

तुझ्या हट्टापुढे मी कधी टिकलो नाही. तर ऐक, आणि ऐकल्यावर मला दोष देऊ नकोस.

मी तेव्हा नोकरीत कच्चा होतो, कायम व्हायला चार महिने होते. माझं काम कार्डं मोजण्याचं. एकाच माणसाने अनेक कार्डं पाठवली तर ती बाद करायची, हा कडक नियम. असल्या एका घोटाळ्यात माझ्या आधीच्या कारकुनाला घरी बसवलं होतं. तिसऱ्या आठवड्याचं पोतं मी उघडलं. तुझ्या गाण्याची कार्डं इतकी, की टेबलावर मावेनात. आणि जवळजवळ सगळी जांभळ्या शाईत. ती शाई तुला माहीत आहे. बाबा पुडी विरघळवून दुकानात बाटलीत बनवायचे, दुरुस्तीच्या चिठ्ठ्या लिहायला. अख्ख्या गावात दुसऱ्या कुणाकडे ती नव्हती. शिक्काही आपल्या नाक्यावरच्या पेटीचा. अक्षरं वेगवेगळी होती, पण बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे, दहा तऱ्हांची अक्षरं काढणं त्यांच्या डाव्या हातचा मळ होता. मला काय समजायचं ते समजलो. लेकीच्या मायेपोटी बाप खोटी कार्डं पाठवतो आणि मोजायला मुलगा बसलेला! उघड झालं असतं तर माझी नोकरी, तुझं गाणं, बाबांची इज्जत, सगळं एकदम गेलं असतं.

मी ती वेगळी काढली. दोनशे चौदा होती. साध्या शाईतली तुझी उरली सहा. कुणाला कळू न देता कार्डं घरी आणली आणि पत्र्याच्या पेटीत ठेवली. फाडून टाकायला हात धजेना. बाबांना तोंडावर विचारायलाही जीभ रेटेना. त्यांच्याकडे पाहिलं की ती शाई दिसायची, म्हणून जाणं कमी केलं. कमी नाही, बंदच केलं, तू म्हणतेस ते खरं आहे.

मी घर वाचवलं, टिटवी. आजही मला तसंच वाटतं. आता तरी समजून घे आणि आपल्यातला ओलावा आटू देऊ नकोस.

दादा

२५ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी नातीला घेऊन आपल्या जुन्या गल्लीत गेले. बाबांच्या दुकानाच्या जागी आता चष्म्याचं दुकान आहे. समोरच्या शिलाईवाल्या मावशी आहेत अजून. नव्वदीला टेकल्यात, सुईत दोरा मात्र स्वतः ओवतात. मी त्यांना कार्डांचं विचारलं आणि त्या अशा हसल्या की मला क्षणभर वाटलं मी काय विचारलं ते त्यांना कळलेलंच नाही.

त्यांना सगळं लख्ख आठवतंय. माझ्या गाण्याच्या आठवड्यांत बस डेपोतली माणसं पाळी सुटली की दुकानापुढे उभी राहायची, कारण कार्यक्रमाच्या वेळी बाबा दुरुस्तीला आलेले सगळे रेडिओ एकदम लावायचे. तिसऱ्या आठवड्यात तर रस्त्यावर सायकली लावायला जागा नव्हती. कुणाकडे पेन नसायचं, म्हणून बाबांनी गल्ल्याला सुतळीने टाक बांधला आणि शेजारी बाटली ठेवली. लोक रांगेने कार्डं लिहायचे आणि जाता जाता नाक्यावरच्या पेटीत टाकायचे. मावशींनी स्वतः एक लिहिलं, त्यांच्या नवऱ्याने एक, त्यांच्याकडे बटणं लावायला येणाऱ्या दोघींनी एकेक. फिटर, कंडक्टर, शाळेतल्या बाई, दूधवाला. जांभळी शाई होती, कारण बाटली एकच होती.

आणि बाबांनी एकही कार्ड लिहिलं नाही. मावशींनी त्यांना म्हणे चिडवलं, लेकीचं गाणं आणि बापच कोरडा? तर बाबा म्हणाले की माझा मुलगा तिथे मोजायला बसतो, माझ्या हातचं एक कार्ड सापडलं तर त्याच्या नोकरीवर येईल. त्यांनी टाकाला हातसुद्धा लावला नाही. लोकांच्या चिठ्ठ्या त्या आठवड्यात ते शिसपेन्सिलीने लिहीत होते.

आता सांग, तू कोणाला वाचवलंस?

प्रत्येक कार्डावर नाव-पत्ता लिहायचा नियम तुमचाच होता ना? दोनशे चौदा पत्ते तुझ्या हातात होते. एका तरी दारावर जाऊन विचारायचं होतंस. गल्ली काही परकी नव्हती, तू तिथेच चालायला शिकलास. पेटी उघड आणि वाच. वाचून झालं की सगळी मला पाठव. ती माझी आहेत.

वहिनींना यातलं सांगायचं की नाही ते तूच ठरव. तुझा माझ्यावर लोभ आहे असं तू दर पत्रात लिहितोस, त्याचा अर्थ मी आता शोधते आहे.

टिटवी

९ मार्च

चि. टिटवीस,
आशीर्वाद लिहिण्याचा अधिकार उरला आहे की नाही कळत नाही, सवयीने लिहितो.

पेटी उघडली. तीन दिवस वाचत होतो. शाई थोडी विटली आहे, अक्षर अजून वाचता येतं. एका फिटरने लिहिलंय की घंटी वाजली की त्याची धाकटी दाराकडे पळते, बाप आला समजून, म्हणून हे गाणं त्याच्या पाळीच्या दिवशी लावू नये, पण पहिला क्रमांक मात्र द्यावा. एका बाईने फक्त नाव, पत्ता आणि ‘पुन्हा लावा, पुन्हा लावा’ एवढंच लिहिलंय. एकाला लिहिता येत नसावं, त्याने अंगठा उठवलाय, आणि खाली दुसऱ्या कुणीतरी त्याचं नाव. अंगठा बाबा कुठून खोटा काढणार होते? तो अंगठा त्या दिवशीही माझ्या हाताखालून गेला असेल. मी शाई पाहिली आणि पुढे काही पाहिलंच नाही.

वहिनीला सांगितलं. ती माझं ताट वाढून आतल्या खोलीत जाऊन बसली, ते आजवर तसंच चाललंय.

समितीपुढे गेलो. खरं तेच सांगितलं, स्वतःला न वाचवता. तरुण निवेदक उठून माझ्याजवळ येऊन बसला, हे मी त्याच्याबद्दल लिहायला हवं. पण यादी छापायला गेली आहे. केंद्रप्रमुख बाई शांतपणे म्हणाल्या की रजिस्टरात दोन आठवडे आहेत, आणि गायिकेच्या भावाच्या घरी सापडलेली कार्डं पुरावा म्हणून कशी धरायची. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं. मग मी नुसती रेकॉर्ड मागितली, विकत मागितली, एका दुपारपुरती मागितली. संग्रहातली रेकॉर्ड कोणत्याही कारणाने खाजगी व्यक्तीला देऊ नये असा लेखी आदेश त्यांनी मला दाखवला. खाली सही माझी आहे, निवृत्तीच्या आदल्या वर्षाची.

शनिवारी कपाटं रेकॉर्डींसकट मोडीत गेली. मी फाटकाशी उभा होतो. दुसऱ्या दशकाच्या खोक्यांवर मीच कधीकाळी चिकटवलेले क्रमांक होते, ते ओळखू आले. मी ट्रकवाल्याला हात केला, पण त्याला वाटलं मी वाट मोकळी आहे असं सांगतोय.

दोनशे चौदा कार्डं पार्सलने पाठवली आहेत. चोवीस गठ्ठे आहेत, मोजून घे. तुझं गाणं पहिलं होतं. तिसऱ्या आठवड्यात ‘दम लागलेलं’ एकशे त्रेसष्ट, तुझं दोनशे वीस, म्हणजे सत्तावन्न कार्डांनी पहिलं होतं. हे आज मी पहिल्यांदा लिहितोय. बाबांना आता काही सांगता येत नाही, म्हणून तुलाच सांगतो, मला माफ कर. जमलं तर थोडासा लोभ शिल्लक ठेव.

दादा

२२ मार्च

ती. दादास,
नमस्कार.

पार्सल मिळालं. पलंगावर सगळी कार्डं मांडली. नातीने आणि मी ती घरांप्रमाणे लावली, डेपोची वेगळी, शाळेची वेगळी, मावशींच्या खोलीतली चार वेगळी. अंगठ्याचं कार्ड मी काचेत लावणार आहे. बरोबर दोनशे चौदा भरली. मोजणीत तू कधीच चुकला नाहीस.

मोबाइलवर गाऊन ठेव म्हणून नात मागे लागली. गायले. दुसरं कडवं संपताना आवाज फाटतो, आणि आता दम मलाही लागतो, तेव्हा त्या बाईला मी उगाच हसले. घंटीच्या जागी नातीने पेल्यावर चमचा वाजवला. वेळेवर वाजवला, पोरगी ठेक्याला पक्की आहे. पण ऐकताना तो पेल्यावर वाजवलेला चमचाच वाटतो. तेवढं आहे, तेवढं राहील.

तुझी छापील यादी इथेही पोहोचली. दुसऱ्या दशकात ‘दम लागलेलं’ पहिलं आहे. अठ्ठेचाळीस वर्षं आपण त्यावर भांडलो आणि त्यातली निम्मी भांडणं मी मुद्दाम उकरून काढायचे, कारण तुझं पत्र यावं असं वाटायचं. तू दर वेळी एकशे त्रेसष्ट लिहायचास. लिहिताना दोनशे चौदा तुझ्या घरात, तुझ्याच पेटीत होती.

माफीचं विचारलंस. माझं गाणं गेलं, ते मी कसंबसं गिळेन, माझ्यासारख्या एका गाण्याच्या बायका पुष्कळ असतील. पण बाबांनी तुझ्यासाठी टाकाला हात लावला नाही, आणि तू त्यांना अकरा वर्षं चोर समजून दाराजवळच्या खुर्चीवर बसलास. ते माफ करणं माझ्याकडे नाही. ज्यांच्याकडे होतं त्यांनी तू येशील म्हणून दर रविवारी दुकानात दुसरं स्टूल काढून ठेवलं, अगदी शेवटपर्यंत. हे मी तुला आजवर सांगितलं नव्हतं, तुला वाईट वाटेल म्हणून.

पुढच्या जानेवारीत यादी पाठवू नकोस, मीही पाठवणार नाही. वहिनींना मी वेगळं पत्र लिहिलं आहे, ते त्यांच्या हातात दे. तब्येतीला जप, गोळ्या वेळेवर घे.

पत्राच्या शेवटी लोभाचं लिहायची रीत आहे. ते वाक्य आजवर मी विचार न करता लिहीत आले. आज तिथे येऊन बराच वेळ बसले होते. ते लिहिलेलं नाही, हे तुझ्या लक्षात येईलच.

तुझी बहीण